पाट्यांवरची नावं

(सोलापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'चित्रपट आणि स्त्री' असा विषय छापला आहे. त्या विषयावर आपण आजवर पुष्कळ बोललो. सोशिक सून, कजाग सासू, ओल्या साडीतली नायिका, अत्याचार झाला म्हणून विहीर जवळ करणारी बहीण, या सगळ्यांवर आपली पोस्टर प्रदर्शनं झाली, पथनाट्यं झाली, आणि ती अजूनही करावी लागणार आहेत. पण आज मी सिनेमाच्या गोष्टीवर बोलणार नाही. गोष्ट सुरू व्हायच्या आधी जी तीन-चार मिनिटं जातात, त्यांच्यावर बोलणार आहे.

आपल्याकडे त्यांना 'पाट्या' म्हणायची पद्धत. थिएटरवर उशिरा पोचलं की दारावरच्या बॅटरीवाल्याला पहिला प्रश्न असायचा, "पाट्या पडल्या का हो?" तो म्हणाला, "आत्ता चालू आहेत," की जीव भांड्यात पडायचा. म्हणजे काही चुकलं नाही! पाट्या म्हणजे चुकल्या तरी चालतील अशी गोष्ट. तेवढ्यात पोराला लघवीला नेऊन आणायचं, शेंगांची पुडी सोडायची, पुढच्या बाईला अंबाडा जरा बाजूला घ्यायला सांगायचं. आता मोबाईलवर सिनेमा बघताना तर पाट्या वगळायचं बटणच दिलेलं असतं. पुस्तकी भाषेत तिला 'श्रेयनामावली' म्हणतात. शब्द चांगला आहे, त्यात श्रेय आहे आणि नावही आहे. पण मला विचाराल तर त्या पाट्या म्हणजे मस्टर. कामावर कोण होतं, कोणत्या कामावर होतं आणि मुकादमाने कोणाचं नाव लिहिलं, याचं मस्टर.

आणि मस्टर वाचायला आपल्याला कोणी शिकवायला नको. रोजगार हमीच्या कामांवर आपल्यातल्या कितीतरी जणींनी मस्टर तपासलेली आहेत. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता'. ऊस दोघं तोडतात, मोळ्या बाई डोक्यावर वाहते, पण उचल घेताना आणि हिशेब करताना नाव पुरुषाचं. विड्यांच्या बाबतीत उलटाच प्रकार दिसतो. कार्ड सासूच्या नावावर असतं, सासूचे डोळे गेलेले असतात आणि विड्या सून वळते. प्रॉव्हिडंट फंड कोणाला? कार्डावर जिचं नाव तिला. पूर्व भागात मागावर बसणाऱ्याची गणना विणकर म्हणून होते. त्याला कांड्या भरून देणारी त्याची बायको घरकाम करत असते, असं आपल्या शिरगणतीत लिहिलं जातं. नाव लागणं आणि न लागणं हा मानपानाचा प्रश्न नाही हे सोलापूरच्या बाईला पक्कं ठाऊक आहे.

तर याच डोळ्यांनी सिनेमाचं मस्टर वाचू.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करावी लागते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, कारण बाई मिळेना. ही हकिगत आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. त्याच घरात एक बाई होती तिची हकिगत मात्र कोणी सांगत नाही. सरस्वतीबाई फाळके. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायची, अंधारात बसून ती रसायनांत धुवायची, हे काम सरस्वतीबाई करत होत्या. शिवाय चित्रपटासाठी जमलेल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. दागिने गेले ते त्यांचेच. आजच्या पाट्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रयोगशाळा, भोजनव्यवस्था आणि अर्थसाहाय्य ही तीन खाती एका बाईकडे होती. 'भारतीय चित्रपटाचे जनक' ही पदवी आपण दिली. जननी कोण, हा प्रश्न विचारायला आपल्याला शंभर वर्षं लागली, आणि २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला तेव्हा कुठे पुष्कळांना कळलं की या बाई भोकं पाडत होत्या. फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या. बाई सिनेमात दिसायला लागली, ती अशी लगेचच.

दिसणं आणि नाव लागणं यांत मात्र अंतर राहिलं. बघा, 'प्रभात फिल्म कंपनी'चं बोधचिन्ह काय होतं? तुतारी फुंकणारी स्त्री. प्रभातचा कोणताही चित्रपट लावा, आधी ती येणार. आणि १९२९ साली कोल्हापुरात प्रभात काढणारे पाच मालक कोण? शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी. राज कपूरच्या आर. के.चं चिन्ह 'बरसात'मधलं, त्याच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस. म्हणजे चिन्हात बाई पाहिजेच, पण सही पुरुषाची. न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की शांतारामांनी पुढे स्वतःची संस्था काढली तिचं नाव 'राजकमल', वडील राजाराम आणि आई कमला या दोघांचं मिळून. आईचं नाव पाटीवर लावायची कल्पना शासनाला सुचली ती फार नंतर. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं.

आता नटींच्या नावांकडे या. दुर्गा खोटे १९३१ साली पहिल्यांदा पडद्यावर आल्या तेव्हा सासर आणि माहेर या दोन्ही प्रतिष्ठित घराण्यांच्या नावांचा जाहिरातीत वापर झाला. कोणाची मुलगी, कोणाची सून! काम कसं केलं आहे ते नंतर. सगळा गहजब झाला तो कामावर नाही, नावावर झाला. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'त त्यांनी तारामती केली आणि खोटे हे आडनाव स्वतःच्या बळावर कमावलं. दुसरीकडे रतन साळगावकर नावाची मुलगी १९३६ साली 'विजयाची लग्ने'मधून पडद्यावर आली ती हंसा वाडकर होऊन. तिचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन आपल्यातल्या बऱ्याच जणींनी वाचलं असेल. नसेल तर वाचा, नाव बदलून माणूस बदलत नाही आणि हाल चुकत नाहीत हे त्यात पानोपानी आहे. आपल्या सोलापुरात जन्मलेली जवळकरांची शशिकला पाट्यांवर नुसती 'शशिकला' राहिली. सुलोचना, जयश्री, संध्या, नलिनी अशा एकेका नावाच्या कितीतरी बायका त्या काळच्या पाट्यांवर सापडतील. कारणं प्रत्येकीची वेगळी असतील. पण आडनाव ही घराची मालमत्ता आणि घराला सिनेमाचा डाग नको, ही समजूत त्या काळच्या हवेतच होती. पुरुष नटाने आडनाव टाकलं तर ती ऐट, बाईने टाकलं तर ती घराची सोय.

आणखी एक गंमत. गंमत म्हणते, पण हसू येत नाही. 'मास्टर' आणि 'बेबी'. मास्टर विठ्ठल, मास्टर भगवान ही बाप्या माणसं. त्यांना चिकटलेला 'मास्टर' उस्तादासारखा शोभून दिसतो. आणि बेबी शकुंतला? 'रामशास्त्री'त ती लहान मुलगी होती, तिथे बेबी ठीक. पण १९५० साली मधुबालेबरोबर 'परदेस'मध्ये उभी राहिली तेव्हाही बेबी, आणि २०१५ साली कोल्हापुरात त्या वारल्या तेव्हा बातमीतही बेबी शकुंतला. आपल्या वस्त्यांत साठीच्या बाईला 'बेबीताई' म्हणतात तसंच हे.

इथे एक वेगळं उदाहरण ठेवते, म्हणजे मी फक्त रडगाणं गाते आहे असं वाटायला नको. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये, १९३७ साली, शांता आपटे यांनी जरठ नवऱ्याला नकार देणारी नीरा उभी केली. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, त्याच शांताबाई करारावरून वाद झाला म्हणून प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. स्टुडिओच्या दारात आपल्या हक्कासाठी बसलेली नटी! पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना आतलं सगळं सांगितलं. त्याच 'कुंकू'त म्हाताऱ्याच्या मुलीची भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी, कुटुंबनियोजनाच्या कामासाठी पुढे आयुष्य दिलेल्या त्याच शकुंतलाबाई. त्यांची मुलगी सई. 'स्पर्श', 'कथा' या चित्रपटांच्या पाट्यांवर 'सई परांजपे' असं येतं ते आडनाव आईचं आहे. वडील रशियन होते. पाटी वाचताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही, इतकं ते सहज झालं आहे.

गाणाऱ्या बायकांचं पाहू. 'महल' १९४९ सालचा. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. म्हणजे गळा एका बाईचा, ओठ दुसऱ्या बाईचे आणि नाव तिसऱ्या, अस्तित्वातच नसलेल्या बाईचं. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. याच लताबाई पुढे भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना संगीत देतात आणि पाटीवर नाव येतं 'आनंदघन'. आणि शांता शेळके यांनी काही चित्रपटगीतं 'वसंत अवसरे' या नावाने लिहिली. दोघीही स्वतःच्या नावाने थोर होत्या. संगीतकार आणि गीतकार या खुर्च्यांवर बसताना मात्र दोघींनी असं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला पुरुष वाटावा. ही त्यांची निवड होती आणि तिचा मान ठेवला पाहिजे. 'कामिनी' मात्र कोणाचीही निवड नव्हती. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवा, कारण शेवटी मला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. कोणत्याही जुन्या हिंदी किंवा मराठी चित्रपटाच्या पाट्या काढा. 'रंगभूषा' या शब्दापुढे पुरुषाचं नाव दिसेल. 'केशभूषा' या शब्दापुढे बहुधा बाईचं. बघणाऱ्याला वाटावं, ज्याची त्याची आवड. ती आवड नव्हती, नियम होता. मुंबईतल्या सिनेमातल्या वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेचा, म्हणजे नोंदणीकृत कामगार संघटनेचा, असा नियम की रंगभूषाकाराचं कार्ड फक्त पुरुषाला मिळेल आणि बाईला केशभूषेचं. लग्नघरात नवरीला नटवणारी बाईच असते. पण तोच रंग, तोच चेहरा, फक्त समोर कॅमेरा आला आणि चार पैसे आले की बाईला मनाई! कारण काय दिलं गेलं? बायकांना हे काम खुलं केलं तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. हे वाक्य आपण गिरण्यांत ऐकलं आहे, एस. टी.त ऐकलं आहे, रिक्षाच्या थांब्यावर ऐकलं आहे.

पाच दशकांहून अधिक काळ हे चाललं. काही जणी गाडीत, पडद्याआड, लपूनछपून काम करत. लपून केलेलं काम पाटीवर कसं येणार? आणि पाटीवर नाव नाही तर पुढच्या निर्मात्याला दाखवायचं काय? परदेशात रीतसर शिकून आलेल्या चारू खुराना यांनी २००९ मध्ये कार्डासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला आणि त्या न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि उदय लळित यांच्या खंडपीठाने, ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. समानता, व्यवसायाचं स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क, तिन्हींचा आधार त्या निकालात आहे. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही गेली. हा निकाल आपल्या कायदा-शिबिरांत शिकवला जात नाही, तो शिकवला पाहिजे. कारण इथे भेदभाव करणारा मालक नव्हता, संघटना होती, आणि संघटनेत गेलं की बाईला न्याय मिळतो असं आपण फार गृहीत धरतो. आता मला सांगा, हा भेदभाव इतकी वर्षं कुठे लपलेला होता? कुठेच नाही. दर शुक्रवारी तीन-चार मिनिटं, पंचवीस फुटी पडद्यावर, ठळक अक्षरांत दाखवला जात होता. आपण शेंगा सोलत होतो.

कायद्यानेही पाट्यांना वजन आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात 'कलाकार' कोणाला म्हणायचं हे सांगताना एक अपवाद घातला आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ, प्रसंगापुरतं आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव पाट्यांसकट कुठेच दिलं जात नाही, त्याला त्या कायद्यापुरतं, एक छोटा अपवाद सोडून, कलाकार मानायचं नाही. गर्दीतल्या बाया, नायिकेच्या मागे नाचणाऱ्या मुली, पाणवठ्यावरच्या दहा जणी डोळ्यांसमोर आणा. रिवाज कोणी पाडला? ज्याच्या हातात मस्टर आहे त्याने. मग कायदा म्हणतो, रिवाजात तुझं नाव नाही, सबब तू नाहीस. कोयत्याचा हिशेब असाच असतो, नाही का?

जगात इतरत्र फार निराळं होतं असं समजू नका. पाट्या बनवणं ही स्वतंत्र कला मानली जाते आणि त्या कलेतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतले सॉल बास. त्यांच्या कामात १९६० च्या सुमारापासून त्यांच्या पत्नी इलेन यांचा बरोबरीचा वाटा होता. पण पाटीवर 'इलेन आणि सॉल बास' अशी जोडीने नावं ठळकपणे दिसू लागली ती १९९० च्या आसपास, 'गुडफेलाज'सारख्या चित्रपटांतून. दुसऱ्यांची नावं पडद्यावर मांडण्यात जिचा जन्म गेला तिचं नाव यायला तीस वर्षं लागली!

उलट, ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्या तमाशाच्या कनातीवर बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. विठाबाई आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या. फडाच्या पाटीवर बाईचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव, काहीही न लपवता. कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे यांचेही फड त्यांच्या नावांनी चालले. बाईच्या नावावर तिकीट विकलं जातं आणि मालकीही तिचीच, हे तमाशात होऊ शकलं. त्याने त्या बायकांचं आयुष्य सुखाचं झालं असं मी म्हणत नाही. पण मराठी सिनेमाने तमाशाची लावणी उचलली, नऊवारी उचलली, ही पाटी तेवढी उचलली नाही.

एक शंका तुमच्या मनात असेल. आता तर नायिकेचं नाव आधी येतं की! येतं. शाहरुख खानने २०१३ साली जाहीर केलं की त्याच्या चित्रपटांत नायिकेचं नाव त्याच्या आधी येईल, आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये दीपिका पदुकोणचं तसं आलंही. चांगलं आहे. आपल्याकडेही घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव आधी लिहायला सुरुवात झाली होती, तेव्हा आपण पेढे वाटले आणि मग विचारलं, घर विकायचं कोण ठरवतं? तसंच इथेही विचारावं, इतकंच. मानधनाच्या पाकिटावर कोणाचं नाव आधी असतं ते पडद्यावर दाखवत नाहीत.

आणि नावं आधी आली तरी पुष्कळ नावं मागे गेली आहेत. पूर्वी सुरुवातीच्या पाट्यांत बहुतेक सगळे उरकले जायचे. आता सुरुवातीला निवडक मोठी नावं येतात आणि बाकी शेकडो माणसं शेवटी, चित्रपट संपल्यावर, बारीक अक्षरांत धावत वर जातात. कपडे शिवणाऱ्या, केस बांधणाऱ्या, नायिकेच्या जागी घोड्यावरून पडणाऱ्या, सगळ्या शेवटी. दिवे लागलेले असतात, झाडूवाली बाई आत आलेली असते, टी.व्ही.वर तर तेवढ्यात जाहिरात लावतात. शेवटच्या पाट्या लोकांनी बसून पाहिल्या असं मी एकदाच पाहिलं. २०१६ साली 'सैराट'ला. आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा चित्रपट, अकलूजच्या मुलीने केलेली आर्ची, आणि शेवटी ते रक्ताने भरलेले इवले पाय. त्यानंतर पाट्या निःशब्द सरकतात. संगीत नाही, काही नाही. थिएटरात कोणी उठेना. अंगावर काटा होता म्हणून बसले होते, नावं वाचायला नव्हे, हे खरं. तरीही ती नावं त्या दिवशी पुरी होईपर्यंत लोकांसमोर राहिली.

आपल्या व्यवसायातली एक बाई या सगळ्यात मला जवळची वाटते. सुमित्रा भावे. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणारी, वस्त्यांतल्या बायकांवर संशोधन करणारी. संशोधनाचे अहवाल ज्या बायकांबद्दल आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत, ही टोचणी आपल्या प्रत्येकीला असते. सुमित्राताईंनी त्यावर १९८५ मध्ये 'बाई' हा छोटा चित्रपट केला, मग 'पाणी', मग 'दोघी', आणि २०२१ मध्ये त्या गेल्या तोवर थांबल्या नाहीत. सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी जे चित्रपट केले त्यांत जोडनाव 'सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर' असं आहे. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सामाजिक कार्यकर्तीची पाटी पडद्यावर अशीही लागू शकते.

आता आपल्या घरचं. आपल्या गटाने विडी कामगार बायकांवर वीस मिनिटांची फिल्म केली आहे हे तुम्हाला माहीत आहे. ती अजून कोणाला दाखवलेली नाही, कारण पाट्या ठरत नाहीत. कॅमेरा चालवणाऱ्या मुलाचं म्हणणं, दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव आधी यावं. रात्री जागून त्याने काम केलं आहे, चूक नाही त्याची. ज्या ताईच्या दोन खोल्यांत नऊ दिवस चित्रीकरण झालं, जिने रोज दहा माणसांचा भात टाकला आणि तेवढे दिवस स्वतःच्या विड्या बुडवल्या, तिचं नाव कोणत्या कामापुढे लिहायचं? 'आभार'मध्ये? आभार म्हणजे काम नव्हे. एक आजी म्हणाली की तिचं नाव तेलुगूत लिहा, मराठीत लिहिलं तर तिच्या बहिणींना वाचता येणार नाही. मला तर वाटतं पूर्व भागासाठी सगळ्याच पाट्या दोन्ही लिप्यांत कराव्यात. दुसरीला माहेरचं आडनाव पाहिजे आहे आणि तिच्या मुलाचा त्याला विरोध आहे. आणि तिसरी, जी फिल्ममध्ये सगळ्यात चांगलं बोलली आहे, तिची पोटगीची केस चालू आहे. तिला नाव नको आहे. नवऱ्याच्या वकिलाने ती पाटी कोर्टात दाखवली तर, ही तिची भीती, आणि ती खोटी नाही.

इथे 'कामिनी' आणि 'आनंदघन' यांतला फरक उपयोगी पडतो. तिचं नाव आपण गाळलं तर आपण तबकडी कंपनी. तिला विचारून, तिने सांगितलेलं दुसरं नाव लावलं तर तो तिचा हक्क. म्हणून मी कार्यकारिणीपुढे असं ठेवलं आहे की प्रत्येकीला समोर बसवून विचारायचं: नाव लावायचं का, कोणतं, कोणत्या लिपीत, कोणत्या कामापुढे. तिचं उत्तर लिहून घ्यायचं आणि पुढे तिचं मन बदललं तर पाटी बदलायची. नऊ दिवस भात टाकणारीचं नाव 'भोजनव्यवस्था' म्हणून सुरुवातीला यावं, असं माझं मत आहे. काही जणींना ते हास्यास्पद वाटतं. त्यावर संध्याकाळच्या बैठकीत भांडू. आणि भांडायचंच असेल तर आपल्या वार्षिक अहवालाचं पहिलं पानही बरोबर घेऊन या. विश्वस्तांची नावं कुठे आहेत आणि वस्तीत फिरणाऱ्या ताईंची कुठे, ते बघू.

जेवणानंतर आपण 'उंबरठा' दाखवणार आहोत. १९८२ सालचा, आपल्या पंढरपूरच्या जब्बार पटेलांचा. त्यातली सुलभा महाजन समाजकार्याची नोकरी करण्यासाठी घर सोडून संगमवाडीच्या महिलाश्रमात जाते, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ जणींना ती स्वतःची गोष्ट वाटणार. दिग्दर्शक सगळ्यांना माहीत आहे, स्मिता पाटील माहीत आहे, संवाद तेंडुलकरांचे हे माहीत आहे, गाणी तर पाठच आहेत. ही गोष्ट ज्या कादंबरीवरून घेतली ती 'बेघर' शांता निसळ यांची आहे. हे नाव या मांडवात किती जणींनी ऐकलं होतं? हात वर करा. तीन. चार. बरं.

तर दीड वाजता बरोबर सुरू करू. चहा आतच मिळेल, त्यासाठी उठू नका. पाट्या सुरू झाल्या की प्रत्येकीने कागदावर फक्त एवढंच टिपायचं: बायकांची नावं किती आणि कोणत्या कामापुढे, निसळबाईंचं नाव कुठे येतं, आणि ते वाचून पुरं होईपर्यंत पडद्यावर थांबतं का.